खाली तीन, वर सहा

सातारा,
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय सुहासताई,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. इथे पवनचक्क्यांच्या पठारावर फोन नाही. खाली गावात बूथ आहे, पण जे सांगायचंय ते त्या बूथच्या तीन मिनिटांत मावणारं नाही.

काकांचं चार पानी पत्र आलं. तुझे बाबा रिटायर झाल्यावर स्वस्थ बसणार नाहीत हे माहीत होतं, पण थेट घारीच्या धारेवर अभ्यासिका! लिहितात, "धारेच्या वाडीतल्या पोरांना संध्याकाळी बसायला जागा नाही. शंकररावांनी डोंगरमाथ्यावरचा त्यांचा तुकडा दिला आहे. तिथे काही पिकत नाही, निदान पोरं तरी शिकतील." आणि मला विचारलंय, वर पत्र्याचं छप्पर टिकेल का, किती मजबूत करायचं?

ताई, धार आहे म्हणूनच मला काळजी वाटते. वारा सपाट शेतांवरून येतो तेव्हा त्याला पसरायला जागा असते. समोर डोंगर आला की खालून जमीन वर येते, आणि वरची हवा काही बाजूला सरकत नाही, ती झाकणासारखी बसलेली असते. मधल्या फटीतून तेवढीच हवा जायची म्हणजे तिला पळावंच लागतं. उल्हास नदीचं आठव ना. पात्र रुंद तिथे म्हशी डुंबत असतात, आणि दोन खडकांमधून जाते तिथे पाय टिकत नाही. पाणी तेवढंच. सुटा डोंगर असता तर वारा थोडा डावीकडून, थोडा उजवीकडून निसटला असता. ही दोन किलोमीटर लांब धार आडवी पडलेली. वाऱ्याला वरूनच जावं लागणार. शिवाय खाली झाडं-घरं त्याला अडवतात, वर काहीच नाही.

माझा अंदाज, वर दुप्पट वेग असेल. वेग दुप्पट म्हणजे जोर चौपट. आणि वारा पत्रा दाबत नाही, उचलतो.

पण अंदाजावर छप्पर बांधू नये. सोबत पार्सलने वारा मोजायचं जुनं यंत्र पाठवते. तीन वाट्या फिरतात, तबकडीवर सेकंदाला किती मीटर ते दिसतं. दर रविवारी दुपारी चारला आधी वाडीपाशी दहा मिनिटं, मग धारेवर दहा मिनिटं. आठ रविवार. हिवाळ्यात वारा कमी असला तरी चालेल. आपल्याला वेग नको, गुणोत्तर हवंय. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू? काकांचे गुडघे धारेवर दर आठवड्याला चढू देणार नाहीत.

आमचे साहेब परवा म्हणाले, "मॅडम, पन्नास मीटरच्या खांबावर चढणारी पहिली बाई तुम्हीच." फोटो पाठवलाय. काकांना दाखव.

तुझी,
माया


बदलापूर (पूर्व),
२ डिसेंबर २००२

प्रिय माया,
जय भीम.

यंत्र पोचलं. फोटोही पोचला. बाबांना दाखवायची गरज पडली नाही, तू त्यांना वेगळी प्रत पाठवली होतीस. ती आता त्यांच्या खिशातल्या पाकिटात आहे. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या चहावाल्यापासून शेजारच्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना दाखवून झालीय. "ही माझ्या मेहुणीची पोर. खांबावर चढते." माझा फोटो त्यांच्या पाकिटात कधी होता असं आठवत नाही.

नदीचं उदाहरण छान आहे. मला ते अकरावीत कुलकर्णी सरांनी दिलं होतं. तू त्या दिवशी गैरहजर होतीस, माझ्याच वहीतून उतरवून घेतलंस. आठवत नसेल.

माझं म्हणशील तर सकाळी राजेंद्रचा डबा, मग उन्नतीची शाळा, दुपारी तीन ते सात शिकवण्या. आमच्या बिल्डिंगमागे अजून दोन बिल्डिंगा उठल्यात, त्यामुळे गॅलरीत वारा शून्य. हे गुणोत्तर तुझ्या तक्त्यात लिहून ठेव.

रविवारी मी गेले होते. बदलापूरहून रिक्षा, पुढे अर्धा तास पायी. बाबा अंबरनाथहून येऊन वाडीत मोतीबाईच्या ओट्यावर बसले, मी एकटी वर चढले. मोतीबाई म्हणाली, "बाय, पदर खोचून जा. वरचा वारा मानसाला उभा ऱ्हाऊ देत नाय." या लोकांना सगळंच वाढवून सांगायची सवय.

आकडे लिहिते. खाली तीन. वर तीन पूर्णांक चार.

म्हणजे तुझी दुप्पट काही निघाली नाही. बघू पुढच्या रविवारी.

सुहासिनी


सातारा,
१९ जानेवारी २००३

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

सात रविवारचे आकडे मिळाले. तुझं अक्षर अजून तसंच, छापल्यासारखं. खाली अडीच, वर पावणेतीन. खाली चार, वर साडेचार. सगळीकडे तेवढाच फरक.

मी दोनदा बघितले. अशा धारेवर इतका कमी फरक मी तरी पाहिलेला नाही. तू अगदी माथ्यावर उभी होतीस ना? जरा पलीकडच्या उताराला गेलं की वारा फसवतो, तिथे तो भोवऱ्यासारखा फिरतो, कधी उलटाही येतो. यंत्र डोक्याच्या वर धरलं होतंस? जवळ झाडी आहे का? रागावू नकोस, हे प्रश्न मी इथल्या पोरांनाही विचारते.

इकडे कामं जोरात आहेत. नवा खांब उभा करताना दोरखंड सुटला, कोणाला लागलं नाही. गावातले लोक म्हणतात, पवनचक्क्या ढग कापतात म्हणून पाऊस येत नाही. त्यांना समजावता समजावता संध्याकाळ होते. मग खोलीवर येऊन एकटीच भात टाकते.

काका विचारतात, चंदर फॅब्रिकेटरला काय सांगू? तो उल्हासनगर कॅम्प दोनमधून अँगल आणि पत्रे आणणार आहे. वारा दुप्पट धरला तर पत्र्याच्या प्रत्येक दुसऱ्या नळीला, म्हणजे उंच वळीला, हूक लागेल, भिंतीत खोल पोलादी पट्ट्या लागतील. तुझ्या आकड्यांनी गेलं तर नेहमीच्या घरासारखं चालून जाईल.

एकदा नीट सांग. तू म्हणशील ते मी काकांना कळवीन.

माया


बदलापूर (पूर्व),
६ फेब्रुवारी २००३

माया,

माथा आणि उतार यांतला फरक मला कळतो. यंत्र डोक्यावर धरलं होतं. झाडी नाही. झालं समाधान?

तुला एक विचारू? तुझा अंदाज चुकू शकतो हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही? आकडे चुकीचे, सुहासताई चुकीची, डोंगर चुकीचा, माया बरोबर. दहावीला शाळेत पहिली कोण आली होती? बारावीला? बी.एस्सी.ला फिजिक्सचे मार्क कोणाचे जास्त होते? हे सगळं तू विसरलीस तरी चालेल, पण बाबा विसरले याचं मला नवल वाटतं.

ज्या महिन्यात बाबा सुट्टी काढून विद्यापीठाच्या रांगेत उभे राहिले आणि तुझा एम.एस्सी.चा फॉर्म घेऊन आले, त्याच महिन्यात माझ्या साखरपुड्याची तारीख ठरली. मी म्हटलं, "बाबा, माझाही फॉर्म आणायचा ना." ते म्हणाले, "तुला चांगलं स्थळ आलंय. मायाला वडील नाहीत, तिला स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं." मला वडील होते, म्हणून मी घरी बसले. मला याचं गणित आजपर्यंत सुटलं नाही.

राजेंद्र चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण बाबा दर रविवारी घरी येतात, चहाचा कप हातात घेतात आणि विचारतात, "मायाचं काय नवीन?" माझ्या शिकवणीतल्या एका मुलीला बोर्डात गणितात शंभर मिळाले तेव्हा ते "अरे वा" म्हणाले आणि पुढच्या वाक्याला तुझ्या पठारावर पोचले.

आकडे तेच आहेत. आठव्या रविवारचेही लिहून घे. खाली साडेतीन, वर चार. चंदरला नेहमीसारखं बांधू दे.

सुहासिनी


सातारा,
२३ फेब्रुवारी २००३

ताई,

तुझं पत्र वाचलं.

काकांना कळवलं आहे की सुहासताईने मोजलं आहे, त्याप्रमाणे करा. चंदरसाठी कागदावर आकृती काढून पाठवली. तीन नळ्या सोडून एक हूक.

यंत्र तुझ्याकडेच राहू दे.

माया


बदलापूर (पूर्व),
८ जून २००३

प्रिय माया,
जय भीम.

चार महिने मी तुला लिहिलं नाही. आता लिहिते ते शेवटपर्यंत वाच, मग फाडलंस तरी चालेल.

मंगळवारी, तीन तारखेला, अभ्यासिकेचं छप्पर गेलं. मुलं सगळी सुखरूप आहेत. बाबांना लागलं आहे. जिवावरचं नाही, पण लागलं आहे.

आणि आकडे खोटे होते.

पहिल्या रविवारी मी धारेवर पोचले तेव्हा मोतीबाई सांगत होती तसंच होतं. पदर तोंडावर गुंडाळला गेला, यंत्र दोन्ही हातांनी धरावं लागलं. काटा सहावर. दहा मिनिटं तो सहाच्या आसपासच हलत होता. खाली तीन, वर सहा. तू सांगितलंस तेवढंच, एक दशांशही इकडे तिकडे नाही. खरं सांगते, मला खूप आनंद झाला. किती वर्षांनी मी काहीतरी मोजलं होतं! उतरताना मी धावलेच.

बाबा ओट्यावरून उठून समोर आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "दुप्पट निघालं ना? माया म्हणालीच होती! तिचं चुकायचंच नाही."

मी दीड तास चढ-उतार करून आले होते. मी दमले का, पडले का, काही नाही. माया म्हणालीच होती.

मी म्हटलं, "नाही हो बाबा. जेमतेम फरक आहे. तिचा अंदाज साफ चुकला."

त्यांचा चेहरा उतरला. ते मला बघायला आवडलं. लाज वाटते, पण तसंच झालं. मग एकदा बोलले ते बोलले. पुढचे सात रविवार मी वर जात होते, खरा आकडा बघत होते आणि खाली येईपर्यंत खोटा तयार करत होते. शिकलेली आहे ना, आकडे एकमेकांशी जुळतील असे तयार केले.

मार्चमध्ये चंदर पत्रे ठोकताना मला म्हणाला, "ताई, आकडा पक्का आहे ना? काल माझी टोपी उडाली ती पार पलीकडच्या दरीत गेली." मी म्हटलं, "पक्का."

बुद्धपौर्णिमेला अभ्यासिका सुरू झाली. बाबा आठवड्यातून तीनदा काठी टेकत, थांबत थांबत वर जायला लागले. सुट्टीतला वर्ग. मुलं चौदा-पंधरा.

मंगळवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. दुपारचे साडेतीन. पश्चिमेकडून काळं भरून आलं आणि वारा सुटला. वर पोचले तर कडेचा पत्रा वर-खाली होत होता, जनावराच्या पोटासारखा. हूक करकरत होते.

मी दारातून ओरडले, "बाबा, मुलांना बाहेर काढा!"

ते फळ्याशी उभे होते. म्हणाले, "अगं, वळीव येतोय. बाहेर भिजतील. आत बरं आहे."

"छप्पर जाईल!"

"कसं जाईल? तूच मोजलंयस ना? घाबरतेस कशाला?"

मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बाबा, मी खोटं सांगितलं. वर दुप्पट वारा आहे. पहिल्या दिवसापासून दुप्पट होता. मायाचं बरोबर होतं."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. खडू खाली ठेवला आणि मुलांना म्हणाले, "दप्तरं राहू द्या. एकमेकांचा हात धरा. मोतीबाईच्या घरी पळा, मागे बघायचं नाही." दार आतल्या बाजूला उघडतं आणि पत्र्याखालून आत शिरलेला वारा ते ढकलून बंद करत होता. बाबा उजवा हात चौकटीत घालून, पाठीने दार रेटून उभे राहिले. मी एकेकाला ओढून बाहेर काढत होते. शेवटची दोघं निघाली आणि वरून तोफ डागल्यासारखा आवाज झाला. पत्रा सुटला. तो उडण्याआधी एका टोकावर लटकला आणि त्याची धार बाबांच्या हातावर आली.

चंदर आणि वाडीच्या लोकांनी त्यांना झोळीत घालून उतरवलं. उल्हासनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात वाचला, पण तीन बोटांच्या शिरा तुटल्यात, लिहिता येईल असं वाटत नाही.

शुद्धीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुलं आत होती, सुहास." त्यानंतर पाच दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. राजेंद्रशी बोलतात, उन्नतीशी बोलतात. मी डबा ठेवते, ते जेवतात.

अजून एक लिहिते, कारण आता लपवून उपयोग नाही. दवाखान्यात ते झोपेत बडबडत होते तेव्हा "मायाला कळवा" म्हणाले. एवढं सगळं होऊनसुद्धा मला ते टोचलं. मी इतकी वाईट आहे.

सुहासिनी


सातारा,
१९ जून २००३

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्यावर एवढा राग आला की कागद मुठीत चुरगळला. रात्रभर शिव्यांचं पत्र मनात लिहिलं. सकाळी ते लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही.

कारण मला माहीत होतं.

तू काय केलंस ते माहीत नव्हतं. पण ते आकडे त्या धारेचे असूच शकत नाहीत हे मला जानेवारीत, दुसऱ्यांदा वाचताना कळलं होतं. मी चार वर्षं रोज हेच काम करते. अशा आकड्यांवर माझ्या हाताखालचं एखादं पोर छप्पर बांधायला निघालं असतं तर मी त्याला जागेवर थांबवलं असतं. एका रविवारी एस.टी.ने येऊन मी स्वतः दहा मिनिटं वर उभी राहिले असते तर संपलं असतं. रजा शिल्लक होती.

मी नाही आले. का, ते सांगते. मला वाटलं, सुहासताईला साधा वारा मोजता येत नाही. आणि मला बरं वाटलं. पहिलीपासून पंधरावीपर्यंत मी तुझ्यामागे दुसरी होते. आई म्हणायची, "सुहासचं बघ." बाई म्हणायच्या, "तुझी बहीण बघ." तुझ्या वह्या, तुझे जुने गणवेश, तुझ्याच घरी अभ्यासाला बसायचं, आणि वडील तुझे. काका मला फॉर्म आणून देत होते तेव्हाही मला माहीत होतं की ही दया आहे. तुझ्यासाठी स्थळ बघत होते ते हक्काने. मला तुझ्या जागी असावंसं वाटायचं. आता हसू नकोस.

मग तुझं ते सहा फेब्रुवारीचं पत्र आलं. मी मनात म्हटलं, करू दे तिच्या मनासारखं. छप्पर दोन वर्षांत गळायला लागेल, तेव्हा काकांना कळेल कोणाचं बरोबर होतं. गळेल, एवढाच विचार केला. मुलांचा विचार मी पण केला नाही. आणि आकृती मी काढली, ताई. तीन नळ्या सोडून एक हूक, हे माझ्या अक्षरात आहे.

तू अडाण्यासारखं नाही, जाणून केलंस. मीही जाणूनच गप्प बसले. यात कोण जास्त, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

हे पत्र तू काकांना दाखवलंस तर माझी हरकत नाही. दाखवावंस असंच वाटतं. मला समोर येऊन सांगायची हिंमत होईल का, ठाऊक नाही.

माया


बदलापूर (पूर्व),
१३ जुलै २००३

प्रिय माया,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी काय वाटलं ते सांगते, कारण आता आपल्यात निदान एवढं तरी खरं असू दे. मला वाटलं, आता बाबांना दाखवते. बघा म्हणावं तुमची माया. पत्र पर्समध्ये टाकलं आणि तशीच अंबरनाथची गाडी पकडून बुवापाड्यात गेले.

बाबा खाटेवर बसून डाव्या हाताने पाटीवर "अ" काढत होते. वाकडातिकडा. मला बघून पाटी उलटी ठेवली. मग म्हणाले, "मायाचं पत्र आलं का?" महिन्याभरात माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "आलं. तिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ती येऊन सांगेल."

"काय सांगायचंय?"

"ते तिचं आहे, बाबा."

मी पत्र परत आणलं. ते कपाटात आहे, तू आलीस की तुझ्या हातात देईन.

अभ्यासिका पुन्हा बांधायची आहे. शंकरराव आता स्वतःच म्हणतात, धार नको, वाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं आंब्याच्या राखणीचं खोपट आहे तिथे घ्या. पण बाबा म्हणाले, आधी मोजा. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, मी यंत्र काढलं. आता मी एकटी मोजत नाही. मोतीबाई सोबत असते. तिला आकडे वाचायला शिकवले, दहा मिनिटांत शिकली. ती तबकडी वाचते, मी लिहिते, आणि प्रत्येक ओळीपुढे ती अंगठा उठवते. पहिल्यांदा मला लाज वाटली. आता तिच्याशिवाय कागदावर काही लिहावंसं वाटत नाही. वाडीपाशी सहा, खोपटापाशी साडेसहा, धारेवर बारा. बारा वाचताना मोतीबाई म्हणाली, "आमी तं आधीच बोललो व्हतो. तुमाला काट्यानं बोललेलं ऐकू येतं."

आता बाबांचं. त्यांना तुला लिहायचं होतं. हात चालत नाही. राजेंद्रला सांगतील असं वाटलं, पण काल त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "लिही." त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं खाली उतरवते.

"चि. माया, आशीर्वाद. माझा हात बरा आहे, काळजी करू नये. सुहासच्या बाबतीत मी एक चूक केली. तिचाही फॉर्म मी आणायला हवा होता. तिला हे मी तोंडाने सांगू शकलो नाही, आजही सांगत नाही, तुला लिहायला सांगतो आहे. तिने केलं ते मी विसरणार नाही. पण नवीन जागेचा आकडा मी तिच्याकडूनच घेणार आहे. तिच्यापेक्षा नीट मोजणारं माझ्या माहितीत कोणी नाही. तुझा, काका."

माया, हे लिहिताना मी दोनदा थांबले. ते म्हणाले, "थांबलीस का? लिही." मी लिहिलं. आयुष्यभर जे वाक्य मला त्यांच्या तोंडून हवं होतं, ते मिळालं तेव्हा मला स्वतःच्याच हाताने लिहावं लागलं, आणि तेही तुझ्या नावाने.

आणि मला कळतंय की तुला शंका येईल. यायलाच हवी. शब्द बाबांचे आहेत, अक्षर माझं आहे, आणि माझ्या अक्षरावर एकदा छप्पर उडालेलं आहे. मोतीबाई तेव्हा जवळ नव्हती.

म्हणून विश्वास ठेवू नकोस. ये, आणि त्यांना विचार.

तुझी,
सुहासताई